लोणचं नासलंच नाही

सालेकशाच्या फलाटावर देवकाबाईच्या पाठीमागं दोघी बहिणी बोलत होत्या.

"बाई, मी बाहेर बसली होती, तरी लोणच्यात हात घातला."

"कायले?"

"घरी कोणी नव्हतं. नवऱ्याले भाकरीसंगं पाहिजे होतं."

"मंग? सासूले समजलं?"

"बोटं पिवळी दिसली तिले. तिनं लोणचं चाखून पाहिलं. चांगलंच होतं."

"मंग कायचं भेव?"

"सासू म्हणते, नासलं नाही, म्हंजे तू बाहेरची नव्हतीच. तुले दिवस गेले."

"तू काऊन नाही बोलली?"

"तिनं गावभर गूळ वाटला ना. आता समजूनच नाही राहिलं. खरं सांगू, का बरणीत पाणी ओतू?"

देवकाबाईनं मांडीवरची बरणी उघडून वास घेतला. लोणचं चांगलं होतं. मग ती बरणी भरून देणाऱ्या आपल्या सुनेची बोटं आठवू लागली.