किंचित आखूड पुशरॉड

नाही हो, कॅम चांगलाच निवडलात, त्याबद्दल वाद नाही — व्हॉल्व्ह जास्त उघडणार, जास्त वेळ उघडा राहणार, गाडी पळणार — पण वर स्प्रिंग जुन्याच ठेवणार म्हणता, तिथं मी हात टेकले. का म्हणजे? कॅम व्हॉल्व्ह उघडतो, पण बंद कोण करतं — स्प्रिंग. ती थकलेली असली आणि तुम्ही पाय दाबून धरलात, की व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही, खालून पिस्टन येतो, दोघांची टक्कर, की झाला इंजिनाचा भुगा. कोट नवा आणि चप्पल तुटकी, असली तऱ्हा झाली ही.

ऐकीव नाही सांगत, आमच्याच घरात झालंय. आमचे हे शर्यतीत उतरायचे — मी इथं दुकानात मागच्या मशीनवर काम करायची, हे इंजिन बांधायचे — आणि गेल्या वर्षी, सगळ्यांच्या पुढे असताना, वळणावरच थकल्या स्प्रिंगनी दगा दिला, इंजिन जाम झालं नि गाडी भिंतीवर. पाय मोडला. दवाखान्यात त्यांना माझी शपथ घातली, पुन्हा शर्यत नाही. पाळली बघा. ती पिवळी गाडीसुद्धा भंगारात घातली, परस्पर, मला न दाखवता — तुला बघवणार नाही म्हणाले. आणि मी रडले की हो. मीच शर्यत बंद करायला लावली आणि मीच रडत बसले, आहे की नाही वेडेपणा?

तेव्हापासून इतके शहाणे झालेत, विचारू नका. भाजी आणतात, कपडे वाळत घालतात, मी काहीही म्हटलं की ‘बरं’. पूर्वी एवढ्याशा वॉशरवरून आम्ही घर डोक्यावर घ्यायचो — आता भांडायलाच कोणी नाही हो घरात. खायला उठतं घर. असो, तुम्हाला कशाला हे. संध्याकाळी तेवढे फिरायला जातात, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि येताना चेहरा असा टवटवीत — चालणं मानवतं एखाद्याला.

तर कॅम नवा, म्हणजे त्याच्यावर टेकणारे लिफ्टरही नवेच घ्यायचे, यात घासाघीस नाही. आणि पुशरॉड, लिफ्टरचा धक्का वर व्हॉल्व्हकडे नेणारे ते दांडे — आखूड? किंचित आखूड? ते कशाला? हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून खाली आणलं असेल तरच लागतात ते. कोणी घासलं? असाच एक मेकॅनिक, हं. अहो, हेड घासायचं मशीन या गावात एकच, ते बघा मागं झाकून ठेवलंय, आणि या इंजिनाचं एवढं घासलेलं हेड आजवर एकच झालंय. आमच्या ह्यांच्या गाडीचं, मीच घासलंय ते.

थांब. दाराकडे बघू नकोस, बस त्या स्टुलावर. हात दाखव. रंगारी ना तू? नखांत पिवळा रंग — भंगारातल्या गाडीला रंग देतात होय रे? तुझ्या शेडमध्ये आहे ना? म्हणजे आमच्या साहेबांचं संध्याकाळचं फिरणं हे असं.

हसतेय, मग काय करू? राग आलाय, तो घरी जाऊन काढीन, सोडते की काय. पण आहे ना गाडी. गेली नाही ना. आणि घरी मेल्यासारखे ‘बरं बरं’ करणारे आमचे हे, तुझ्याकडे येऊन भांडतात का रे? भांडतात? बरं वाटलं बाई.

पण जुन्या स्प्रिंग का, ते आत्ता कळलं मला. कडक स्प्रिंग गावात एकटे तेच न्यायचे, मागितल्या की मी ओळखणार — म्हणून पुन्हा त्याच थकल्या स्प्रिंगवर बसणार होते. माझ्या भीतीनं. मी शपथ घातली ती त्यांनी जगावं म्हणून, आणि तीच त्यांना... नको. मला भीती वाटते, उद्याही वाटेल, पण असं लपून-छपून नको.

ह्या घे, कडकातल्या कडक. पुशरॉड मात्र देणार नाही. कॅम बदलला की माप बदलतं, ते इंजिनावरच घ्यावं लागतं, आणि त्यांचा हात घाईचा. माप मीच घेणार. आत्ता असतील ना तिथं? फोन खिशात ठेव — कळलं तर मागच्या दारानं पळतील, आणि त्या पायानं पळायचं नाहीये. ऊठ, शटर ओढू दे मला. तू पुढं चाल, नुसता रस्ता दाखव, आणि तोंडातून शब्द काढू नकोस.