बदकाची चाल

चीनमधल्या छंग्दू शहरातल्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांची वाट बघत बसलेल्या फंगआजोबांचे कान शेजारच्या सासू-सुनेकडे होते.

“आई, बघा ना, बाळ कसं बदकासारखं फेंगडं चालतंय! पाय वाकडे तर नसतील?”

“पायांना काय धाड भरलीय? मांड्यांमध्ये एवढी गादी कोंबलीस तर तूसुद्धा तशीच चालशील. काढ तो डायपर!”

“इथे? आणि शू केली म्हणजे?”

“नाही करत. काढ तू.”

“अगंबाई! सरळ चालतंय की!”

आजोबांनी कौतुकाने झकास शिट्टी मारली. बाळ जागीच थांबलं आणि त्यांच्या बुटांवर धार सुटली.

“आई! माझ्यामागे याला शिट्टीवर शू करायला शिकवलंत?”

“शिकवलं! शिट्टीआधी एक थेंब तरी सांडला का, सांग!”