डेलचा वाटा

(दुपार. मॉन्टानातलं एक स्वयंपाकघर. वर्ना, तिची मुलगी टेस आणि म्हातारा होलिस एल्क या मोठ्या रानहरणाचं मांस कापून कागदात बांधताहेत.)

होलिस : कोणी खरं मानणार नाही, म्हणून गावात तोंड उघडलं नाही. तुम्हां मायलेकींनाच सांगतोय.

टेस : गावाला तुमचं मागचं अस्वलच अजून पचलेलं नाही, होलिसकाका. डबा खाऊन भांडी घासून गेलं होतं ते.

होलिस : घासली नव्हती. चाटली होती.

वर्ना : टेस, बोलू दे त्याला. शीळ आली म्हणालास?

होलिस : ऑक्टोबर संपत आलेला. माजाचे दिवस सरले की एल्कचा नर मुका होतो. तरी सवयीनं, नराच्या शिळेची नक्कल करायची नळी तोंडाला लावून मी हाळी दिली. तर खालच्या जळक्या रानातून उत्तर! चढत गेलेली शीळ, आणि शेवटाला फाटलेली.

टेस : बाबांसारखी?

होलिस : डेलचा पुढचा दात पडल्यापासून तशी शीळ या डोंगरात दुसऱ्या कुणाची नव्हती.

टेस : पुरे हं, काका. गेल्या हंगामात तुमची पाठ आखडली म्हणून बाबा एकटेच शिकारीला वर गेले. पंधरा दिवस शोधलं, टोपीसुद्धा मिळाली नाही. थंडीत किती वेळ तडफडले असतील, एवढंच आई वर्षभर विचारतेय. आणि तुम्हाला गोष्टी सुचतात!

वर्ना : मला ऐकायचंय. पुढे?

होलिस : वारा तोंडावर धरून दोन तास सरपटलो. आडव्या पडलेल्या झाडांवरून, कधी खालून. आणि समोर हा, घोड्याएवढा. पण माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागे बघत होता.

टेस : तुम्ही वळून बघितलंत?

होलिस : मी गोळी झाडली.

वर्ना : मागे बघितलंस का, होलिस?

होलिस : नाही. छाती झाली नाही.

टेस : तुमची?

होलिस : माझी. मग खरं काम. सोलून चार तंगड्या सुट्या करेपर्यंत दिवस कलला. एकेक तंगडी म्हणजे पाठीवर एक टेस.

टेस : आभारी आहे.

होलिस : त्यात हा गुडघा. दोन फेऱ्यांत दोन तंगड्या गाडीपाशी आणल्या आणि बर्फात बसून रडलो. पण डेलच्या वाट्याचं निम्मं मांस तुमचं, ते सोडून कसा येणार? दुसऱ्या दिवशी उजाडताच परत गेलो. जागेवर नुसतं रक्त.

टेस : अस्वल.

होलिस : अस्वल ओढत नेतं, बर्फावर चर पडतो. चर नव्हता. रात्रीच्या ताज्या बर्फावर पावलं होती ती फक्त माझी. रिकामा परतलो, तर राहिलेल्या दोन्ही तंगड्या गाडीशेजारच्या झाडाला टांगलेल्या. पिशव्यांत घालून, सावलीच्या अंगाला.

वर्ना : सावलीच्या अंगाला. डेल तसंच टांगायचा.

टेस : दुसरा कुणी शिकारी असेल.

होलिस : पावलं न उमटवता?

वर्ना : तो दिसला?

होलिस : नाही.

वर्ना : बोलला काही?

होलिस : ...बोलला. म्हणजे झाडांतून आवाज आला. वर्नाला सांग म्हणाला, त्रास असा झालाच नाही. टेकून बसलो, डोळा लागला, संपलं.

टेस : आई... आई, रडू नकोस गं.

वर्ना : हे खोटं आहे.

टेस : मी काय म्हणत होते मघापासून!

वर्ना : बाकीचं नाही, टेस. बाकीचं सगळं तो मांसाकडे बघत बोलला. एवढंच माझ्या डोळ्यांत बघून.