माद्रिदच्या रस्त्यावर मेंढरं

नसरापूरच्या एसटी थांब्यावर डोंगरातल्या धनगरवस्तीवरची सासू-सून बोलत होत्या.

“आत्याबाई, दसऱ्यानंतर मेंढपाळ संघटना मला स्पेनला नेतीया. तुमी व्हय म्हनला तरच जाईन.”

“तिकडं काय हाय?”

“माद्रिद, त्यांची राजधानी. वर्षातनं एकदा तिथलं धनगर भर शहरातनं मेंढरं नेत्यात.”

“गाडीवालं शिव्या देत न्हाईत?”

“न्हाई. पोलीस गाड्या थांबवून धरत्यात.”

“मेंढरांसाठी?”

“व्हय.”

“परवा कामथडीजवळ हायवे वलांडताना त्यो ट्रकवाला मला काय बोलला, ठावं हाय न्हवं?”

“म्हणून तर जायचंय. ते कसं जमवत्यात, बघून येते.”

“जा मग. तुझ्या नवऱ्याच्यानं काय व्हायचं न्हाई, मेंढरं म्या बघते. तेवढा त्या पोलिसाचा फोटू आण, मोठा. आपल्या हायवेवरच्या पोलीस सायबाला दाखवायचाय.”