घरात नसलेला प्रिंटर

—नाही हो वहिनी, कॉम्प्युटरचं मशीन म्हातारं नाही झालेलं, सहा वर्षं म्हणजे काय वय आहे का. पण पंखा बघा कसा घोंघावतोय, आणि तुम्ही उघडलंय काय, तर शाळेचं एक पत्र. धूळ काढली, जास्तीची पानं बंद केली, व्हायरस शोधून झाला, दोन तासांत माझी कंबर गेली — आणि प्रोसेसर आपला शंभरातले शंभर. आता ही यादी बघा, कोण किती खातंय ते इथे कळतं. तुमचं पत्र, दोन टक्के. घड्याळबिड्याळ, काहीच नाही. हा वरचा, ‘प्रिंटर मदतनीस’ — ब्याण्णव. असू दे, त्याला हात नको लावायला, प्रिंटरचं असतं काहीतरी — काय? घरात प्रिंटरच नाही? कधीच नव्हता?

हं.

चहा राहू दे, बसा जरा. नाही, बसाच. सकाळपासून सात घरं झाली माझी, आता खोटं बोलायचंही त्राण नाही. हे नाव मीच दिलंय. दोन वर्षांपूर्वी, तुम्ही माहेरी गेला होता तेव्हा, दादांनी बोलावलं होतं मला. दर पाच सेकंदांनी पडद्याचा फोटो काढायचा आणि त्यांच्या फोनवर पाठवायचा, एवढंच काम त्याचं. मुलांवर लक्ष ठेवायला हवं, म्हणाले. आता घरात खेळणं नाही, दप्तर नाही, भिंतीवर तुमचा दोघांचाच फोटो — मला दिसलं नाही का? दिसलं. म्हटलं, आपल्याला काय करायचंय, आपण बरं, आपलं काम बरं. ते फोटो साठून साठून डिस्क तुडुंब झाली, म्हणून आता धापा टाकतंय — नाहीतर तुम्हाला जन्मात कळलं नसतं.

मघाशी तुम्ही हसत सांगितलंत ना, तीन शाळांनी शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावलं आणि तिन्ही वेळा नेमकी त्याच सकाळी सासूबाईंची छाती दुखली — मीही हसलो. लाज वाटते हो. तारीख तुमच्याबरोबरच दादांनाही कळत होती. आणि हे चौथं बोलावणं, उद्याचं, तासभर उघडंच आहे पडद्यावर — तेही गेलंय.

काढून टाकतो, मिनिटाचं काम आहे. पण काढलं की दादांना तसा निरोप जातो, मग ते मला विचारणार, तुम्हाला विचारणार — सांगा, काढू? — राहू दे म्हणता? अहो, पण — बरं. घ्या कीबोर्ड, मी सरकतो.

— हे शाळेला नाही लिहीत तुम्ही. ‘उद्या दहाला माझी मुलाखत आहे. मी जाणार आहे. आईंजवळ तुम्ही थांबा.’ वहिनी, हे पाच सेकंदांत दिसेल त्यांना, ऑफिसात बसल्या जागी. — माहीत आहे म्हणता.

मग अक्षर मोठं करा. फोनवर ते चित्र फार बारीक येतं.