खिंडीपर्यंतची सोबत

(गेर्डा सेराईहून गर्देजला निघालेली मोटार. चालवतोय लवंग. मागे वाटेत घेतलेली म्हातारी बख्तमिना, बाजाराला निघालेली. तिच्या शेजारी निळ्या बुरख्यात कुणीतरी, मांडीवर तान्हं बाळ.)

बख्तमिना : अगं, केव्हाची कोकलतेय पोर! पाज की तिला.

लवंग : आजी, ती... मुकी आहे. माझी बहीण.

बख्तमिना : मुकीला पान्हा फुटत नाही का रे? आण इकडे. या अल्ला, अंग नुसतं तव्यासारखं तापलंय!

लवंग : म्हणून तर दवाखान्यात निघालोय.

बख्तमिना : आणि बहिणीच्या पायांवर एवढे केस? आमच्या वझा इलाख्याची हद्द लागली बरं का. खिंडीत आमची पोरं गाड्या अडवतात. बोल रे, कोण तू?

सरबिलंद : सरबिलंद. सेराईच्या मीर खोजाचा मुलगा.

लवंग : झालं! सांगून मोकळा झालास! मेलो आपण.

बख्तमिना : मीर खोजा. माझ्या लेकाला, जनतला गोळी घालणारा.

सरबिलंद : मला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, आई. हिची आई अंथरुणाला खिळलीय, घरात दुसरी बाई नाही. मला काय करायचं ते करा, पण आधी माझ्या लेकीला पोचवू द्या.

बख्तमिना : बुरखा काढ. पुढे जाऊन बस.

लवंग : आजी, नको! बाई समजून तरी सोडतील—

बख्तमिना : अक्कल गहाण टाकलीस का? बाईच्या वेशात सापडला तर तिथंच चिरतील, माझंही कुणी ऐकणार नाही. उघड्या तोंडानं चालला तर माझी बदरगा आहे. माझ्या सोबतीच्या माणसाला आमच्यात हात लावत नाहीत.

सरबिलंद : आणि लावला तर?

बख्तमिना : तर पोर माझ्या मांडीवर आहे. मी पोचवीन. काढ.

लवंग : आले... बंदुका घेऊन आलेत. सरबिलंद, सरळ समोर बघ रे.

पहारेकरी : थांबा! सलाम, आजी. हा पुढे कोण?

बख्तमिना : माझ्या सोबत आहे.

पहारेकरी : आजी, हा तर मीर खोजाचा—

बख्तमिना : जनतला मी जन्म दिला, तू नाही. कुणाचा कोण ते मला शिकवू नकोस. आडवा बांबू उचल, पोर तापलीय.

लवंग : उचलला... या अल्ला, उचलला!

सरबिलंद : आई, गर्देज आलं. तुम्हाला बाजारात सोडू?

बख्तमिना : नको. दवाखान्याच्या दारात बसते.

सरबिलंद : पण तुमचं काम?

बख्तमिना : परतीच्या वाटेवरही तीच खिंड आहे, बाळा. जा, पोरीला आत ने.