नाव टाकलेलं ताट

जळगावला कातडीच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलो होतो. गालांवर फिकट चट्टे असलेला एक तरुण, प्रेमराज, आत जाऊन आला आणि माझ्या शेजारच्या बाकावर आईजवळ टेकला.

"कोड नाही माय, महारोगही नाही. बिहारात झाला होता तोच काळा आजार."

"तो तर बरा झाला होता."

"पोटातला गेला. थोडे जंतू कातडीत दडून राहिले. शरीर आता तिथे त्यांच्याशी भांडतंय, म्हणून हे चट्टे. गोळ्यांनी जातील."

"तुझा भाऊ अमृत तिथं तुझ्याचसंगं होता ना? तीच केळीची बाग, तीच झोपडी."

"हा आजार पसरवणारी बारीक माशी त्यालाही चावलीच होती. मागं त्याचं रक्त तपासलं, त्यात आजाराची खूण निघाली. पण त्याच्या शरीरानं जंतूंना डोकं वर काढू दिलं नाही."

"मग तुझ्यानं कसं दिलं?"

"ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. सख्ख्या भावांतही असं होतं म्हणे."

"अमृतच्या रक्ताचं घरी बोलू नको. साक्रीच्या पाहुण्यांशी त्याची सुपारी फुटायची आहे."

"नाही बोलत. पण हे ताट-वाटीतून पसरत नाही, असं डॉक्टर म्हणाले."

"बरं झालं."

"मग आजपासून माझं वेगळं काढलेलं ताट सगळ्यांच्या ताटांत ठेवशील?"

"ठेवलं असतं रे. पण त्याच्यावर तुझं नाव टाकून आणलंय ना मी."